माय घरात, हप्ता दारात

ज्यांच्या घरी आत्ता कोणी खाटेवर पडलेलं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषध डॉक्टर सांगतील, पथ्य घरची म्हातारी माणसं सांगतील. पण आणखी एक भीती असते, ती कोणी बोलत नाही, कारण बोललं की अपशकुन होतो असं वाटतं. माणूस गेला तर मागच्यांचं काय? हे कोणाला विचारावं आणि कोणत्या तोंडानं विचारावं, ह्यातच माझे ते दिवस गेले.

मी शाळेत गेले नाही. किराण्याच्या पुड्या सोडता सोडता त्यांवरची अक्षरं लावत वाचायला शिकले. म्हणून जशी बोलते तशी लिहिते. सांभाळून घ्या.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आमचे हे नागपुरातच एका कापडाच्या मिलमध्ये कारकून होते. इतवारीत भाड्याच्या दोन खोल्या. हे, मी, आमच्या दोन लहान पोरी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे.

मोत्यासारखे दाणे

ताप आला तेव्हा आम्ही हिवतापच समजलो. कडू गोळ्या दिल्या, घोंगडी टाकली, घाम येईल म्हणून वाट पाहिली. घाम काही येईना. ताप सकाळी थोडा खाली यायचा आणि संध्याकाळी पुन्हा वर, रोज काल होता त्याच्याही वर. एक दिवस मी ओल्या फडक्यानं ह्यांची मान पुसत होते, तर गळ्याशी बारीक बारीक दाणे दिसले. पाणी भरलेले, काचेच्या मण्यांसारखे. मी आत्याबाईंना हाक मारली.

त्या आल्या, वाकून पाहिलं, आणि हात न लावता दोन पावलं मागं सरकल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि हात जोडले.

"मोतीझरा आहे वं. माय आली घरात." हा ताप म्हणजे घरी आलेली देवी, तिला आमच्याकडे माय म्हणतात.

डॉक्टर बंगाली होते. बरीच वर्षं नागपुरात राहिल्यामुळे आमच्या रीतीभाती त्यांना ठाऊक झाल्या होत्या. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबलं, डोळ्याची पापणी ओढली. मग म्हणाले, "टाइफॉइड. माई, बुखार अपना मुद्दत पूरा करेगा. हम सिरफ आदमी को सँभालेगा."

"औषध?" मी दाराआडून विचारलं.

"दवा नहीं है," ते म्हणाले. आता ह्या तापावर गोळ्या निघाल्या आहेत. तेव्हा खरंच काही नव्हतं. त्यांनी ते इतकं साधेपणानं सांगितलं, की मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

दवाखान्यात हलवावं असं त्यांच्या मनात होतं. आत्याबाई म्हणाल्या, "मायेले खाटेसंग उचलून कुठी नेता, डॉक्टरसायब?" डॉक्टर हसले नाहीत, वादही घातला नाही. पाणी उकळून द्या, अन्नाचा कण देऊ नका, डोक्यावर गार पट्ट्या ठेवा, इतकं सांगून उठले. मी फी पुढे करणार तर आत्याबाईंनी माझा हात धरला. डॉक्टरच म्हणाले, "मालूम है. बाद में."

कारण मोतीझऱ्याचा आमच्या घरचा नियम असा, की माय घरात असेपर्यंत घरातून काहीही बाहेर द्यायचं नाही. पैसा नाही, मीठ नाही, शेजारणीला चुलीतला इस्तवसुद्धा नाही. दिलं तर मायेला वाटतं, ह्यांनी आपल्याला बाहेरचा रस्ता दाखवला. आणि ती रागानं जाते, जाताना माणूस घेऊन जाते. फोडणी बंद, तिखट बंद, पायात वहाणा घालून आत येणं बंद. दाराला कडुलिंबाचा डहाळा. आजारी माणूस बरा होऊन त्याला न्हाऊ घातलं, की मग माय सुखानं जाते आणि देणंघेणं सुरू होतं.

गल्लीत सगळ्यांना हे माहीत. डहाळा पाहून गवळी दूध ठेवून मुकाट जायचा. धोबी आला नाही. घरमालकानं भाड्याचं नाव काढलं नाही. मायेच्या घरी सगळं जग थांबतं असंच आम्ही धरून चाललो होतो.

खाटेजवळचे दिवस

सकाळी ताप उतरला की मी पोरींची वेणी घालायची, पाणी उकळायचं, ह्यांचं तोंड पुसायचं. दुपारी ताक नितळून त्याचं वरचं पाणी चमच्यानं पाजायचं. चार वाजले की मी पट्ट्या भिजवून ठेवायची, कारण आता ताप चढणार. डॉक्टरांनी तापमापक ठेवला होता. मला पारा वाचता यायचा नाही. थोरली पोर शाळेत जायची, ती वाचून दाखवायची. एक दिवस तिनं वाचलं आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. तिला वाटलं, सांगितलं नाही तर मला कळणार नाही.

ताप चढला की हे बडबडायचे. मिलच्या गाठींचे नंबर, कोण्या फोरमनचं नाव. कधी मला "साहेब" म्हणायचे. वाऱ्यात पतंग धरावा तसं मी त्यांचं मनगट धरून बसायची. हात सुटला की ते जातील असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. पाय आखडायचे, मुंग्या यायच्या, पण उठायची नाही. अशा वेळी माणूस किती वेडं होतं ते ज्याचं त्यालाच माहीत. कोणी हसू नये.

एक बरं होतं. धाकटी पोर रोज एकदा दारात उभी राहून विचारायची, "बाबा, ताप गेला का?" आणि हे शुद्धीत असले की म्हणायचे, "निघाला आहे, टांग्यात बसला आहे." तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

लिंबाच्या डहाळ्याबाहेर

अशातच एक दिवस दामोदरपंत आले. ते विमा कंपनीचे एजंट. वर्षभरापूर्वी ह्यांच्यामागे लागून लागून त्यांनी ह्यांचा विमा उतरवला होता. सायकल भिंतीला टेकवली, डहाळा पाहिला आणि पायरीखालीच थांबले.

"काकू, हप्त्याची तारीख होऊन गेली. म्हणून आलो."

आत्याबाई उंबऱ्यात आल्या. "डहाळा दिसून नाही राहिला का गा? माय आहे घरात. देणंघेणं बंद. न्हाणं झालं की ये."

"काकू, गवळी थांबेल. मी थांबेन. कंपनी नाही थांबत."

"काहून? तुह्या कंपनीच्या घरी माय येत नाही का?"

"कंपनीला घर नाही, काकू. माय कुठे येणार?"

मी दाराआड होते. एरवी डॉक्टर सोडून परक्या पुरुषाशी मी बोलत नसे. पण त्या दिवशी माझ्या तोंडून गेलं, "थांबत नाही म्हणजे काय होते, भाऊ?"

मग त्यांनी मला पायरीखालून एकेक शब्द समजावला, आणि तोच मी तुम्हाला सांगते. आपण ठरल्या वेळी भरतो तो हप्ता. तारीख चुकली तर लगेच काही बिघडत नाही. कंपनी महिनाभर वाट पाहते, ते सवलतीचे दिवस. त्या दिवसांत भरलं तर जणू वेळेवरच भरलं. आणि ते दिवसही गेले, तर पॉलिसी बंद पडते. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करता येते, पण त्यासाठी डॉक्टरनं तपासून माणूस धडधाकट आहे असं लिहून द्यावं लागतं.

आत खाटेवर हे कण्हत होते. आमच्या खाटेवरच्या माणसाला धडधाकट कोण म्हणणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"जुनी पॉलिसी असती तर तिच्यात काही साठलेलं असतं, त्यावर निभावलं असतं," ते म्हणाले. "ही नवी आहे. हिच्यात अजून काही नाही."

मग मी ते विचारलं. "आणि ह्या सवलतीच्या दिवसांतच काही झालं तर?"

"तर पैसे मिळतात, वहिनी. राहिलेला हप्ता कापून मिळतात. पण हे दिवस आता संपत आले."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "ऐकलं का बाप्पा! माह्या लेकाच्या मरणावर पैज लावून बसले. कोण घेणार हे पैसे? कोणाचं तोंड आहे ते घ्यायचं?"

दामोदरपंत चुळबुळले. "काकू, वारस म्हणून तुमचंच नाव आहे."

आत्याबाई आत गेल्या आणि चुलीजवळ भिंतीकडे तोंड करून बसल्या. दामोदरपंतांनी सायकल उचलली.

मनातलं खरं

आता खरं लिहिते, कारण खोटं लिहून कोणाचा उपयोग नाही. वारस कोण ते ऐकून मला वाईट वाटलं. नवरा तापात, आणि मी ह्यावर वाईट वाटून घेत होते! लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन पोरी झाल्या, आणि कंपनीच्या कागदावर मी कुठेच नाही. ह्यांच्या मनात काही वाईट नसणार. लिहिताना आई आठवली असेल, झालं. तरी टोचलंच. आणि त्याबरोबर हेही कळत होतं, की पैसे आत्याबाईंच्या हातात आले काय नि माझ्या, पोरींच्या ताटातच येतील. पॉलिसी जिवंत राहायला हवी. तेवढं एकच धरून मी उठले.

आत्याबाईंजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आत्याबाई, हप्ता भरावा लागते."

त्या भिंतीकडेच पाहत म्हणाल्या, "तुले वाटते का, तो जाईन?"

काय उत्तर देणार? नाही म्हटलं तर हप्ता कशाला? हो म्हटलं तर मी कोण? मी म्हटलं, "मले भेव वाटते."

"मले नाही वाटत का? मी त्याची माय आहे. पण घरातून पैसा गेला अन् त्यालेच काही झालं, तर जन्मभर मी तुह्याकडं पाहीन अन् तू माह्याकडं पाहशीन. कसं राहशीन ह्या घरात? सांग बरं."

सासवा म्हणजे अडाणी, असं म्हणून सोडून देणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

मी बाहेर आले. दामोदरपंत कोपऱ्यावरच्या नळाशी थांबून तोंडावर पाणी मारत होते. मी पदर तोंडाशी धरून तिथवर गेले. सारी गल्ली पाहत होती. पाहू दे म्हटलं.

"भाऊ, हप्ता ज्याचा विमा त्यानंच भरावा लागते, का दुसऱ्या कोणी भरला तर चालते?"

"कोणीही भरू शकतो, वहिनी. कंपनीला पैसा वेळेवर पोचला की झालं. पण मी तुमच्यासाठी भरू शकत नाही. एजंटानं गिऱ्हाइकाचा हप्ता भरायचा नाही, आम्हाला बंदी आहे."

"तुम्ही नका भरू. माह्या भावाले निरोप धाडा."

माझं माहेर भिवापूरचं. भाऊ मिरच्यांचा व्यापार करायचा. छोट्या रेल्वेगाडीनं तिकडची पोती इतवारीत यायची आणि त्यांच्यासोबत माणसंही. मिरचीबाजारात कोणालाही निरोप दिला, की दुसऱ्या दिवशी भिवापुरात पोचायचा. दामोदरपंत सायकलीवर टांग टाकून तिकडेच गेले.

रस्त्यावरचा हात

भाऊ आला तो दिवस सगळ्यांत वाईट होता. सकाळी ताप नेहमीसारखा उतरलाच नाही. हे मला ओळखेनात. पोट फुगलं होतं, ओठ काळे पडले होते, बोटं चादरीवर काहीतरी वेचत होती. डॉक्टर येऊन बसले होते आणि नाडी सोडत नव्हते. ते इतर घरी जायला उठत नाहीत, ह्यातच मला सगळं समजलं.

बाहेर आत्याबाईंचा आवाज आला. "तिथीच थांब गा! पुढं येऊ नको! तिखटाच्या वासानं माय भडकीन."

भाऊ बाजारातून सरळ आला होता. मिरचीची लाल धूळ धोतरावर, टोपीवर, भुवयांत. तो नालीपलीकडे उभा राहिला आणि तिथंच शिंकला. त्याच्यामागे दामोदरपंत.

"मावशी, मी आत येत नाही," भाऊ म्हणाला. "हप्ता भरतो अन् इथूनच जातो. बाई, तू काहून रडून राहिली? जावई कसे आहेत?"

"भरू नको," आत्याबाई म्हणाल्या. "माह्या लेकाच्या मरणाची वाट पाहणाऱ्याईले एक पैसा द्यायचा नाही. ना माह्या घरातून, ना तुह्या."

दामोदरपंत तसे बोलघेवडे. एरवी त्यांचं बोलणं थांबवावं लागायचं. त्या दिवशी मात्र ते हळू बोलले. "काकू, तुमचं उलटं झालं आहे. तुमचा लेक गेला तर कंपनीचं नुकसान. तो म्हातारा व्हावा, मुदतभर हप्ते भरत राहावा, ह्यात कंपनीचा फायदा. आणि मुदत पुरी झाली अन् माणूस जिवंत असला, तर पैसे त्याच्याच हातात देतात. मेल्यावरच देतात असं नाही."

"त्याच्याच हातात?"

"त्याच्याच."

आत्याबाई उंबऱ्यावर टेकल्या. आतून ह्यांच्या श्वासाचा घरघर आवाज येत होता, आणि मी एक पाय आत, एक बाहेर अशी उभी होते.

"म्हणजे तो जगावा असं त्याईले वाटते," आत्याबाई म्हणाल्या.

"पैशासाठी का होईना, वाटते."

"कशासाठी बी वाटो. आज तो जगावा असं जितक्याईले वाटीन तितके मले पाहिजेत." मग त्यांनी भावाकडे पाहिलं. "माह्या घरातून मी काही जाऊ देणार नाही. पण तू रस्त्यावर उभा आहेस. तुहा खिसा, तुहा हात. रस्ता काही माह्या घरात येत नाही. काय करायचं ते कर, अन् पावती संभाळ."

दोघं गेले. सवलतीच्या दिवसांतला तो शेवटचाच दिवस होता, हे दामोदरपंतांनी मला नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं, तर मी तिथंच कोसळले असते.

उतार

हप्ता भरला म्हणून ताप उतरला, असं मी म्हणणार नाही. नंतर आत्याबाई मात्र तसंच म्हणायच्या. एवढं खरं, की संध्याकाळी मी पुन्हा ह्यांचं मनगट धरून बसले, तेव्हा माझ्या डोक्यात एक विचार कमी होता. भीती तेवढीच होती. पण तिच्यात हिशेब मिसळलेला नव्हता. ती नुसती भीती होती, आणि नुसती भीती माणूस धरून बसू शकतो.

दोन दिवसांनी ह्यांच्या कपाळाला घाम आला. मी फडक्यानं पुसला, तर पुन्हा आला. डॉक्टर म्हणाले, "पोंछो मत, माई. आने दो." म्हणून मी हात बांधून बसले आणि तो घाम पाहत राहिले.

बरं होणं काही सोपं नव्हतं. भूक लागायची आणि द्यायचं नाही. हे पोरींसारखे रडायचे, मुगाच्या पाण्यासाठी आईला शिव्या द्यायचे. डोक्यावरचे केस गेले. उभे राहिले की पाय लटपटायचे. डावा कान त्या तापानं कायमचा घेतला. पण एक दिवस आत्याबाईंनी लिंबाचा पाला टाकून पाणी तापवलं, ह्यांना पाटावर बसवून न्हाऊ घातलं आणि डहाळा काढून नदीवर सोडून आल्या. त्याच दुपारी मी वरणाला फोडणी दिली. मोहरी तडतडली, तर धाकटी पोर धावत आली आणि "पुन्हा कर" म्हणाली.

गवळी, धोबी, घरमालक, डॉक्टर, भाऊ, सगळ्यांचं देणं दिलं. मग दामोदरपंतांना निरोप गेला. तो मी नाही, आत्याबाईंनी धाडला.

ते आले तेव्हा हे खाटेवर उशीला टेकून बसले होते. आत्याबाईंनी विचारलं, "त्या कागदावरून माह्यं नाव निघते का?"

"ज्याचा विमा त्यानं म्हटलं तर निघतं, काकू. अर्ज लिहायचा, सही करायची. वारस केव्हाही बदलता येतो."

"मग बदल. हिचं लिही." माझ्याकडे न पाहता त्यांनी हनुवटीनंच दाखवलं. "मी जाईन आज ना उद्या. पोरीईले वाढवायचं आहे तिले."

ह्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आजारात काय काय झालं ते भावानं त्यांना सांगितलं होतं. मला त्यांनी एका शब्दानं विचारलं नव्हतं. 'मी मरणार असं हिला वाटलं होतं' हे त्यांच्या मनात असणार, आणि ते खरंच होतं. त्यांनी मान हलवली.

दामोदरपंतांनी अर्ज काढला, टाक शाईत बुडवला. "वारस, पत्नी. नाव?"

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं घेत नाही, आणि आईसमोर तर नाहीच. इतक्या वर्षांत ह्यांनी मला "अवं" आणि "ऐकलं का" ह्याखेरीज कशानं हाक मारली नव्हती. लग्नात ठेवलेलं नाव त्यांच्या तरी लक्षात आहे का, हे मला माहीत नव्हतं. टाकावरची शाई वाळत चालली. हे भिंतीकडे पाहत राहिले.

"सांग ना गा," आत्याबाई म्हणाल्या. "कंपनी काय 'अवं' ह्या नावानं पैसे देईन?"

हे घसा खाकरले. एक कान गेल्यापासून आपला आवाज किती मोठा निघतो, ते त्यांना कळत नसे. गल्लीतली माणसं थांबली, समोरच्या घरची बाई खिडकीत आली, इतक्या मोठ्यानं ते म्हणाले,

"वेणू!"